जॉन लेननचे गाणे आणि हामानाचे नाव



इथे हर्नडनला नातू गाडीत मोठ्याने गाणी लावतो. परवा एका गाण्याच्या शेवटी गोळ्या झाडल्याचे आवाज आले. मी दचकलेच! "हे काय रे लावलंस?" तर म्हणतो, "आजी, जॉन लेननच्या खुनाचं गाणं आहे." 1968 मध्ये ऋषिकेशला आलेले बीटल्स आपल्या वयाच्या पुष्कळांना आठवत असतील. लेनन त्यांतलाच.

हे गाणे आयर्लंडच्या 'क्रॅनबेरीज' या रॉक बँडचे, 1996 चे. गायिका डोलोरेस ओरिऑर्डन. गाण्याचे नाव 'आय जस्ट शॉट जॉन लेनन', म्हणजे 'मी आत्ताच जॉन लेननला गोळ्या घातल्या'. हे खुन्याचेच शब्द. इमारतीच्या दरवानाला त्याने असे सांगितले होते.

ती रात्र 8 डिसेंबर 1980 ची. अकराच्या सुमारास लेनन आणि पत्नी योको ओनो स्टुडिओतून न्यू यॉर्कमधल्या घरी परतले. डाकोटा इमारतीच्या दारातच मागून पाच गोळ्या सुटल्या, चार लागल्या. अ‍ॅम्ब्युलन्सची वाट न पाहता पोलिसांनी आपल्याच गाडीतून त्यांना रूझवेल्ट हॉस्पिटलात नेले. डॉक्टरांनी छाती उघडून हाताने हृदय चालवून पाहिले, रक्त चढवले. पण हृदयाजवळच्या मोठ्या रक्तवाहिन्याच फाटलेल्या. मग चढवलेले रक्त आत राहणार कसे? लेनन अवघे 40 वर्षांचे होते.

पुढचे मला नर्स म्हणून जास्त लागले. योकोने डॉक्टरांना विनंती केली, बातमी जरा थांबवा. घरी पाच वर्षांचा मुलगा होता, त्याने ती टीव्हीवर ऐकू नये म्हणून. पण एक टीव्हीवाला अपघातात जखमी होऊन त्याच इमर्जन्सीत पडला होता. त्याने ऑफिसला कळवले, आणि फुटबॉलच्या सामन्यात बातमी जगजाहीर झाली. आधी घरच्यांना, मग बाकीच्यांना, हा आमचा नियम. कॉरिडॉरमध्ये नातेवाइकांसमोर उभे राहिलेल्यालाच तो का आहे ते कळते. आता तर फोनवर फोटोसुद्धा आधी फिरतात. कुणाच्या घरी दुःख झाले तर ग्रुपवर टाकण्याआधी घरच्यांना विचारा, एवढे मागणे.

गाण्यातली एक गोष्ट मात्र मला पटली. त्यात खुन्याचे नाव नाही. प्रसिद्धीसाठी खून केला, असे त्याने स्वतःच पुढे कबूल केले. आपण होळीच्या सणाला, म्हणजे पुरीमला, मगिल्ला वाचताना हामानाचे नाव आले की पाय आपटून ते बुडवतो. नाव मिळवण्यासाठी मारणाऱ्याला नाव देऊ नये. म्हणून मीही इथे लिहिलेले नाही.