थंडी बाहेरची की आतली? थायरॉइड मंदावल्याची लक्षणं आणि तपासणी

बेसिंगस्टोकमध्ये डिसेंबर लागला की दुपारी चारच्या सुमारास अंधार पडतो. घरात हीटिंग चालू, अंगात दोन स्वेटर, तरी हातपाय गारच. सकाळी उठवत नाही, केस गळतात, जेवण तेवढंच असूनही वजन वाढतं. कुणी विचारलंच तर उत्तर ठरलेलं असतं, "इथली हवाच अशी." आणि आई म्हणते, "वय झालं गं आता." बऱ्याचदा ते खरंही असतं. पण कधी कधी दोष हवेचा नसतो आणि वयाचाही नसतो. तो असतो गळ्यातल्या एका छोट्या ग्रंथीचा. आज तिच्याबद्दल बोलू या.

गळ्याच्या पुढच्या भागात, फुलपाखराच्या आकाराची थायरॉइड ग्रंथी असते. तिचं संप्रेरक रक्तातून सगळीकडे जातं आणि शरीराचा वेग ठरवतं. ग्रंथी मंदावली की सगळंच मंदावतं. थकवा येतो, थंडी सोसत नाही, बद्धकोष्ठ होतं, त्वचा कोरडी पडते, आवाज घोगरा होतो, चेहरा सुजल्यासारखा दिसतो. स्नायू दुखतात, विसरायला होतं, मन उदास राहतं. बायकांना पाळीत रक्तस्राव जास्त होऊ शकतो.

यातलं एखादं लक्षण प्रत्येकालाच कधी ना कधी जाणवतं. रक्त कमी असलं, ड जीवनसत्त्व कमी असलं किंवा पाळी जाण्याचं वय आलं, तरी असंच वाटतं. म्हणून खूण लक्षात ठेवा : तीन-चार लक्षणं एकत्र आहेत, हळूहळू वाढताहेत आणि उन्हाळा आला तरी जात नाहीत, तर तपासणी करायला हवी. घरात आईला, मावशीला किंवा बहिणीला थायरॉइड असेल, तर आणखी लवकर. हा आजार बायकांमध्ये बराच जास्त आढळतो, पण पुरुषांनाही होतो.

आपल्याकडे तो किती आहे? भारतातल्या आठ शहरांत केलेली एक पाहणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात मुंबई आणि गोवाही होतं. तपासलेल्या प्रौढांपैकी सुमारे ११ टक्के लोकांची थायरॉइड मंद होती, आणि त्यांतल्या अनेकांना ते आधी माहीतही नव्हतं.

यावरचा पहिला यशस्वी उपचार ब्रिटनमध्येच झाला. १८९१ मध्ये न्यूकॅसलच्या डॉ. जॉर्ज मरे यांनी ४६ वर्षांच्या एका बाईंना मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचला. त्या काळी या आजारावर काहीच इलाज नव्हता. त्या बाई पुढे २८ वर्षं जगल्या. आज तेच काम रोजची एक छोटी गोळी करते. मात्र त्याआधी आजार ओळखला जायला हवा.

ओळखायचा कसा? साध्या रक्ततपासणीने. तिचं नाव टीएसएच. आता इथे अनेकांचा गोंधळ होतो. "थायरॉइड कमी आहे म्हणतात, मग रिपोर्टात आकडा जास्त कसा?" आपल्या घरचा थर्मोस्टॅट आठवा. बॉयलर नीट चालत नसला की थर्मोस्टॅट त्याला पुन्हा पुन्हा हुकूम सोडत राहतो. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी हा आपला थर्मोस्टॅट आणि टीएसएच हा तिचा हुकूम. थायरॉइड आळसावली की हुकूम वाढतो, म्हणून आकडा वर जातो.

साधारणपणे ०.४ ते ४ ही पातळी ठीक मानतात. प्रयोगशाळेनुसार त्यात थोडा फरक पडतो. टीएसएच वाढलेलं दिसलं की फ्री टी फोर तपासतात. ते कमी निघालं तर निदान स्पष्ट होतं. टीएसएच थोडंच वाढलेलं आणि टी फोर ठीक असेल, तर लगेच गोळी देतातच असं नाही. बहुतेकदा तीन महिन्यांनी पुन्हा तपासतात. टीएसएच दोन्ही वेळा १० किंवा त्याहून जास्त आलं, तर गोळीचा विचार होतो. म्हणून "पुन्हा या" असं सांगितलं, तर आपल्याला टाळलं असं समजू नका.

भारतात फुल बॉडी चेकअपमध्ये थायरॉइड आपोआप तपासली जाते. इथे तसं नसतं. जीपीला लक्षणं सांगावी लागतात, आणि नेमकी सांगावी लागतात. नुसतं "बरं वाटत नाही" पुरत नाही. घरी कागदावर लिहून न्या : काय होतंय, कधीपासून, घरात कुणाला आहे, आणि कोणती औषधं चालू आहेत. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल, तर ते आधी सांगा. बायोटिनमुळे या तपासणीचे आकडे चुकू शकतात. गोळ्या किती दिवस आधी थांबवायच्या, तेही विचारा. कोलेस्टेरॉल वाढलंय म्हणून गोळी सुरू होणार असेल, तर "थायरॉइड तपासलीय का?" असं जरूर विचारा. मंद थायरॉइडमुळेही कोलेस्टेरॉल वाढतं.

भारतातला जुना रिपोर्ट असेल तर तोही न्या. टीएसएचचं एकक दोन्हीकडे वेगळं लिहितात, पण आकडा तोच असतो. फ्री टी फोरचं मात्र तसं नाही. भारतातला १ हा आकडा इथे साधारण १३ म्हणून दिसतो. आकडा तेरा पट झाला म्हणून घाबरू नका.

निदान झालं की लेव्होथायरॉक्सिनची गोळी सुरू होते. ती उपाशीपोटी, पाण्याबरोबर घ्यायची. नाश्ता आणि चहा निदान अर्ध्या तासानंतर. हो, सकाळचा पहिला चहासुद्धा! लोहाच्या किंवा कॅल्शियमच्या गोळ्या असतील, तर मध्ये चार तास जाऊ द्या. बरं वाटायला काही आठवडे लागतात. बरं वाटलं म्हणून गोळी मनाने सोडायची नाही, आणि वजन उतरावं म्हणून वाढवायचीही नाही. जास्त डोसाने हृदयाचे ठोके बिघडतात, हाडं ठिसूळ होतात. डोस बसेपर्यंत दर तीन महिन्यांनी तपासणी, नंतर वर्षातून एकदा.

एक गोष्ट अनेक घरांत माहीत नसते. इंग्लंडमध्ये ही गोळी कायमची लागत असेल, तर प्रिस्क्रिप्शनची सगळीच औषधं मोफत मिळतात, नुसती थायरॉइडची नव्हे. त्यासाठी अर्ज कसा करायचा ते सर्जरीत विचारा. प्रमाणपत्र पाच वर्षं चालतं. आईबाबा पाहुणे म्हणून येणार असतील, तर त्यांना मुक्कामभर पुरतील एवढ्या गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर आणायला सांगा.

गोळी चालू असताना दिवस राहिले, तर पहिल्या अपॉइंटमेंटची वाट न बघता लगेच सर्जरीला कळवा. बहुधा डोस वाढवावा लागतो, आणि सुरुवातीचे महिने बाळाच्या मेंदूसाठी फार महत्त्वाचे असतात. बाळ पाच दिवसांचं झालं की टाचेतून रक्ताचे थेंब घेतात. त्यात बाळाची थायरॉइडही तपासली जाते. त्याला नकार देऊ नका.

आता मिठाबद्दल. भारतात आपण आयोडीनयुक्त मीठ खातो. इथलं साधं मीठ बहुतेक आयोडीनशिवायचं असतं. इथे आयोडीन मिळतं ते मुख्यतः दूध-दही आणि मासे यांतून. मासे न खाणाऱ्या आणि ओट किंवा बदामाच्या दुधावर गेलेल्या घरांनी पाकीट वाचून घ्यावं. पण समुद्री शेवाळाच्या गोळ्या मनाने घेऊ नका. ब्रिटनमध्ये मंद थायरॉइडचं नेहमीचं कारण आयोडीन नसून शरीराची स्वतःचीच रोगप्रतिकारशक्ती ग्रंथीवर उलटणं हे असतं. जास्त आयोडीनने उलट त्रास वाढू शकतो.

शेवटी एक इशारा. थायरॉइडच्या रुग्णाला अचानक गुंगी आली, बोलणं असंबद्ध झालं, अंग थंडगार पडलं किंवा श्वास मंदावला, तर ९९९ लावा. हे क्वचित घडतं, पण तेव्हा उशीर करून चालत नाही.

म्हणून मंडळी, या आठवड्यात घरातल्या एका माणसाला तरी नीट विचारा. आणि उत्तर आलं "काही नाही गं, थंडी आहे," तर पुढचा प्रश्न विचारा, "उन्हाळ्यातही असंच होत होतं का?"

काळजी घ्या. भेटू या पुढच्या भागात. नमस्कार!