सायबरमोहल्ला
सायबरमोहल्ला हा दिल्लीतील श्रमिक वस्त्यांमधील तरुणांसाठी २००१ मध्ये सुरू झालेला माध्यमशिक्षणाचा व लेखनाचा उपक्रम होय. पर्यायी शिक्षणाचे काम करणारी ‘अंकुर’ ही संस्था आणि सीएसडीएस या संशोधनसंस्थेचा ‘सराय’ हा विभाग यांनी तो संयुक्तपणे उभा केला. पहिले केंद्र एलएनजेपी वसाहतीत निघाले. पुढे दक्षिणपुरी व नांगला माची येथेही केंद्रे झाली.

केंद्रात संगणक, कॅमेरे, ध्वनिमुद्रक आणि मुक्त सॉफ्टवेअर होते. परंतु नोकरीपुरते संगणकज्ञान देणे हा हेतू नव्हता. मुलेमुली गल्लीबोळांतून हिंडत, आवाज मुद्रित करीत, दैनंदिनी लिहीत आणि लिहिलेले गटात वाचून दाखवीत. ऐकणाऱ्यांच्या प्रश्नांनंतर तोच मजकूर पुन्हा लिहिला जाई. उपक्रमाचा गाभा यंत्रांपेक्षा या ऐकण्यात होता, असे म्हणावे लागते. भित्तिपत्रिकांच्या रूपाने हे लेखन पुन्हा वस्तीत पोहोचे.

यमुनाकाठची नांगला माची २००६ मध्ये न्यायालयीन आदेशानुसार पाडण्यात आली. वास्तव्याचे पुरावे मान्य झालेल्या कुटुंबांना दूर सावदा-घेवरा येथे भूखंड मिळाले. इतरांना तेही नाही. सर्वेक्षण, कागदपत्रांची शोधाशोध, विस्कटलेली घरे हे सारे या तरुणांनी बाहेरचे वार्ताहर म्हणून नव्हे, तर शेजारी म्हणून लिहिले. त्यातील बरेचसे लेखन ‘बहुरूपिया शहर’ (२००७) या वीस लेखकांच्या हिंदी संग्रहात आले. श्वेता सारडा यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद ‘ट्रिकस्टर सिटी’ या नावाने २०१० मध्ये प्रसिद्ध झाला.