बोअरचे जड पाणी: दिसणारा पांढरा थर आणि न दिसणारे नायट्रेट

करवीर तालुक्यातील गडमुडशिंगी आणि आसपासच्या गावांत अनेक घरांत दोन प्रकारचे पाणी वापरले जाते. एक नळयोजनेचे, नदीतून उचलून येणारे. दुसरे परड्यातल्या किंवा मळ्यातल्या बोअरचे. नळाला पाणी आले नाही की बोअर चालू होतो, आणि काही घरांत दोन्ही पाणी गच्चीवरच्या एकाच टाकीत पडते. माती परीक्षणाचा अहवाल समजून घ्यायला आलेला शेतकरी उठता उठता विचारतो, "साहेब, घरच्या पाण्याचं पण जरा सांगा. बादली पांढरी होतीया, डाळ शिजंना." प्रश्न रास्त आहे. पण त्या पांढऱ्या थरापेक्षा जास्त काळजी करण्यासारखी गोष्ट त्याच पाण्यात असू शकते आणि ती डोळ्यांना दिसत नाही.

पाणी जड कशामुळे होते?

आपल्या भागात खाली काळा पाषाण आणि त्यावर मुरूम आहे. पावसाचे पाणी जमिनीत उतरताना मुळांच्या आणि जिवाणूंच्या श्वसनातून तयार झालेला कार्बन डायऑक्साइड विरघळवून घेते व किंचित आम्लधर्मी बनते. असे पाणी खडकातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम हळूहळू विरघळवते. काळ्या जमिनीत चुनखडीचे खडे असतील तर त्यातूनही भर पडते. नदीचे पाणी खडकाच्या संपर्कात कमी काळ राहते, म्हणून ते सहसा हलके असते. खोल बोअरचे पाणी खडकाच्या फटींत वर्षानुवर्षे मुरलेले असू शकते.

भारतीय मानक १०५०० नुसार पिण्याच्या पाण्याची एकूण कठीणता प्रति लिटर २०० मिलिग्रॅमपर्यंत असावी. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालते. ४०० मिलिग्रॅम कठीणता म्हणजे हजार लिटरच्या टाकीत ४०० ग्रॅम चुनखडीइतके क्षार विरघळलेले असतात. यावरून गिझरची कॉइल का जळते ते समजते. पाणी तापले की विरघळलेले बायकार्बोनेट फुटते आणि कार्बोनेटचा थर कॉइलवर, सोलरच्या नळ्यांत, चहाच्या पातेल्यात बसतो. हा थर उष्णता अडवतो. विजेचे बिल वाढते आणि कॉइल आतून तापून निकामी होते.

डाळीचेही तसेच. डाळीच्या पेशींना धरून ठेवणाऱ्या पेक्टिनशी कॅल्शियम घट्ट जोडले जाते, म्हणून दाणा लवकर फुटत नाही. डाळ नळाच्या पाण्यात भिजवून त्याच पाण्यात शिजवली तर फरक लगेच दिसतो. कपड्याच्या साबणाला फेस येत नाही, कारण साबण आधी कॅल्शियमशी जुळून चिकट साका बनतो. डेअरीला दूध घालणाऱ्या घरांनी किटलीचा आतला भाग हात फिरवून पाहावा. जड पाण्याने धुतलेल्या किटलीत खरखरीत पिवळसर थर धरतो, त्यात जिवाणू दबा धरून राहतात आणि दूध लवकर नासते. अशी किटली अधूनमधून लिंबूरस किंवा व्हिनेगर घातलेल्या पाण्याने घासून चांगल्या पाण्याने धुवावी.

आता आजाराचे. जागतिक आरोग्य संघटनेने कठीणतेसाठी आरोग्याच्या कारणावरून कोणतीही मर्यादा ठरवलेली नाही. मुतखड्याचा दोष गावात सरसकट बोअरवर टाकला जातो, पण उन्हात दिवसभर भांगलण करून तांब्याभर पाण्यावर राहणे हे त्याहून मोठे कारण आहे. तुरटीने गढूळपणा बसतो, कठीणता कमी होत नाही. उकळल्याने कठीणतेचा काही भाग खाली बसतो, सगळी जात नाही.

नायट्रेटचा हिशेब

नायट्रेटला रंग नाही, वास नाही, थर नाही. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा प्रति लिटर ४५ मिलिग्रॅम आहे आणि कठीणतेसारखी सवलत इथे नाही. सहा महिन्यांच्या आतील बाळाला वरचे दूध अशा पाण्यात कालवून दिले तर नायट्रेटचे नायट्राइट होऊन ते रक्तातील हिमोग्लोबिनचे रूप बदलते. रक्त प्राणवायू कमी वाहते, बाळाचे ओठ व नखे निळसर पडतात. असे दिसल्यास वेळ न घालवता दवाखाना गाठावा. बाळासाठी पाणी उकळून घेण्याची सवय जंतूंच्या दृष्टीने बरोबर आहे, पण नायट्रेट उकळून जात नाही. उलट पाणी आटले की त्याचे प्रमाण वाढते.

हे नायट्रेट येते कुठून? शौचालयाच्या शोषखड्ड्यातून, गोठ्याच्या उकिरड्यातून आणि आपल्या उसातून. आडसाली उसाला हेक्टरी ४०० किलो नत्राची शिफारस आहे. ते चार हप्त्यांत द्यायचे असते: लागणीला १० टक्के, सहा ते आठ आठवड्यांनी ४०, बारा ते सोळा आठवड्यांनी १० आणि मोठ्या बांधणीला ४०. प्रत्यक्षात पावसाची उघडीप मिळाली की दोन हप्ते एकदम टाकले जातात आणि वर पाटाने भरपूर पाणी सोडले जाते. एक किलो नत्र नायट्रेट होऊन खाली गेले, तर सुमारे एक लाख लिटर पाणी मर्यादेपर्यंत नेण्यास ते पुरेसे आहे. ४५ किलोच्या युरियाच्या एका पोत्यात साधारण २० किलो नत्र असते. बाकीचा हिशेब ज्याचा त्याने करावा. मी स्वतः शेतकऱ्याला हप्त्याचे वेळापत्रक उत्पादनासाठी सांगत आलो. ते त्याच्या घरच्या पाण्यासाठीही आहे, हे फार उशिरा सांगू लागलो.

युरिया मातीआड करावा, ठिबक असेल तर थोडा थोडा सोडावा, आणि खत दिल्यावर लगेच पाट भरून पाणी देऊ नये. उकिरडा आणि शोषखड्डा बोअरच्या उताराच्या वरच्या बाजूला नको. बोअरच्या तोंडाभोवती सिमेंटचा ओटा हवा, नाहीतर वरचे पाणी केसिंगच्या कडेने थेट खाली जाते.

यंत्र घेण्याआधी

क्षार मोजण्याचे लहान मीटर दाखवून आरओ विकला जातो. ते मीटर एकूण विरघळलेले क्षार सांगते. त्यात चुना किती आणि नायट्रेट किती हे सांगत नाही. ४०० आकडा दाखवणाऱ्या पाण्यातही नायट्रेट मर्यादेबाहेर असू शकते. आरओने नायट्रेट बरेच कमी होते, नुसत्या यूव्ही दिव्याने होत नाही. पण नळाचे पाणी नियमित येत असेल तर पिण्याला आणि स्वयंपाकाला ते वेगळ्या टाकीत साठवणे आणि बोअर धुण्या-सांडायला ठेवणे, हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

नळाच्या पाण्याची चिंता वेगळी आहे. ते हलके असले तरी फुटलेल्या वाहिनीतून सांडपाणी शिरू शकते. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची साथ पसरली होती. नळाच्या टोकाला प्रति लिटर किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन मिळायला हवा. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून ओटी चाचणी समोर करून घ्यावी. बोअरचे पाणी वापरावेच लागले तर हजार लिटरला ५ ग्रॅम ताजी टीसीएल पावडर बादलीत कालवावी, साका बसू द्यावा, वरची निवळी टाकीत ओतून अर्धा तास थांबावे.

तपासणी वर्षातून दोनदा करावी, एकदा मे महिन्यात आणि एकदा पावसाळा संपल्यावर. बोअर दहा मिनिटे चालवून एक लिटरची स्वच्छ प्लास्टिकची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून काठोकाठ भरावी. जंतूंच्या तपासणीसाठी प्रयोगशाळेतून निर्जंतुक बाटली घ्यावी आणि नमुना बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवावा. चिठ्ठीवर तारीख, बोअरची खोली, शोषखड्ड्याचे अंतर आणि जवळच्या पिकाला शेवटचे खत कधी दिले ते लिहावे. शेतीसाठी पाणी तपासायला देताना सामू, क्षारता आणि कठीणता लिहून घेतली जाते. नायट्रेट हवे असे आपण स्वतः सांगावे लागते.