व्हिडिओ कॅमेऱ्यासाठी बाहेरचा माइक : कमी खर्चात कोणता घ्यावा?

कापडाचा धंदा आता बराचसा चित्रीकरणावर चालू लागला आहे. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीचा व्यापारी थान उलगडून दाखवतो, पन्ना सांगतो, भाव सांगतो आणि तो व्हिडिओ परगावच्या गिऱ्हाइकाकडे पाठवून देतो. कापडाचा रंग, पोत, काठ गिऱ्हाइकाला दिसतो. बोलणे मात्र नीट ऐकू येत नाही. मागे यंत्रमागाची खटखट, डोक्यावर पंखा, बाहेर रिक्षाचा भोंगा. 'सैंतीस' म्हटले की 'सैंतालीस' म्हटले हे समजले नाही, तर मीटरमागे दहा रुपयांचा तंटा उभा राहतो. व्हिडिओ पुरावा म्हणून उघडावा तर त्यातही तीच गडबड!

अशा वेळी बहुतेक लोक कॅमेराच बदलायला निघतात. आमच्या मते ही फिजूलखर्ची होय. कॅमेऱ्यात बसवलेला माइक कितीही चांगला असला तरी तो कॅमेऱ्यापाशीच राहतो, बोलणारा असतो दहा-बारा फुटांवर. झूम केल्याने चेहरा जवळ येतो, आवाज जवळ येत नाही. उलट शांत खोलीत झूमच्या मोटरची घरघर आणि चित्रीकरण करणाऱ्याचा श्वासच त्यात भरला जातो.

याचा हिशोब सोपा आहे. उघड्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाजाचा जोर चौथा हिस्सा उरतो. माइक तोंडापासून एक वीत अंतरावर असेल आणि तोच दहा वीत दूर नेला, तर जोर शंभराव्या हिश्श्यावर येतो. पंखा आणि माग यांचा आवाज मात्र तेवढाच राहतो. शिवाय घरगुती कॅमेऱ्यांत आवाज आपोआप कमी-जास्त करणारी योजना असते. बोलणारा थांबला की कॅमेरा समजतो आवाज कमी पडला, आणि तो स्वतःच पातळी वाढवतो. त्यामुळे दोन वाक्यांच्या मध्ये पंखा एकदम गर्जना करू लागतो. ज्या कॅमेऱ्यात ही पातळी हाताने ठरवता येते, त्यात ती हातानेच ठरवावी. सबब पैसे खर्च करायचे ते माइक तोंडाजवळ नेण्यासाठी. भारी माइक दूर ठेवण्यापेक्षा साधा माइक जवळ ठेवलेला केव्हाही बरा.

आता खरेदी. दुकानात जाण्यापूर्वी आपला कॅमेरा हातात घेऊन त्याचे सर्व झाकण-पडदे उघडून पाहावेत. 'माइक' असे लिहिलेले ३.५ मिलिमीटरचे गोल छिद्र आहे काय? शेजारी तसेच दुसरे छिद्र असेल तर ते बहुधा हेडफोनचे असते, त्यात माइक लावून उपयोग नाही. अनेक स्वस्त कॅमेऱ्यांना हे छिद्रच नसते. उदाहरणार्थ, २०१५ साली आलेला सोनीचा सीएक्स-४०५ हँडीकॅम. चित्र चांगले, पण बाहेरचा माइक लावण्याची सोय नाही. सेकंडहँड कॅमेरा घेणाऱ्यांनी किंमत ठरवण्याआधी हीच गोष्ट पाहावी.

छिद्र असेल तर पुढचा प्रश्न पिनेचा. कॅमेऱ्याच्या माइकच्या पिनेवर दोन काळे पट्टे असतात, मोबाइलच्या पिनेवर तीन. मोबाइलचा माइक कॅमेऱ्यात घातला तर पुष्कळदा आवाज येत नाही किंवा नुसती गुणगुण येते. लोक समजतात माल खराब निघाला आणि दुकानदाराशी भांडतात. यासाठी जोडपिना मिळतात आणि त्या महाग नसतात. तिसरी गोष्ट विजेची. हे छोटे माइक चालायला थोडी वीज लागते. काही कॅमेरे ती त्याच छिद्रातून देतात, नसता माइकमध्ये स्वतःचा सेल लागतो. आपला कॅमेरा वीज देतो की नाही हे त्याच्या पुस्तिकेत लिहिलेले असते. समजत नसेल तर सेलवाला माइक घ्यावा.

कमी खर्चात सर्वांत उपयोगी म्हणजे कॉलरला लावायचा चिमट्याचा माइक. बोया कंपनीचा बीवाय-एम१ हा या प्रकारातला बराच चालणारा माल. त्याला सहा मीटर लांब तार असते, एलआर-४४ नावाचा बटणाएवढा सेल लागतो आणि तारेच्या मध्ये मोबाइल व कॅमेरा असा खटका असतो. किंमत साधारण हजार रुपयांच्या आसपास, दुकानागणिक कमी-जास्त. हा माइक सर्व बाजूंचा आवाज घेतो, म्हणून तो नेमका तोंडाकडे वळवण्याची कसरत करावी लागत नाही. छातीवर, हनुवटीपासून वीतभर खाली लावला की पुरे. मात्र खटका योग्य बाजूला आहे काय आणि सेल जिवंत आहे काय, हे प्रत्येक वेळी कानाला हेडफोन लावून तपासावे. कॅमेऱ्याला हेडफोनचे छिद्र नसेल तर एक मिनिट चित्रीकरण करून ते ऐकावे, मगच काम सुरू करावे.

येथे कापडाच्या धंद्यातला तजुर्बा कामी येतो. कडक खळ दिलेला कुर्ता, नायलॉन, तफेटा, जरीचे काम, हे सगळे माइकवर घासले की खरखर करतात. ही खरखर नंतर काढून टाकणे फार कठीण असते. मऊ सुती कापड सर्वांत चांगले. शेरवानीवर लावायचा असेल तर बटणपट्टीच्या कडेला लावावा, तार आतून न्यावी आणि माइकच्या खाली तारेला एक छोटा वळसा देऊन तो चिकटपट्टीने आतल्या बाजूला धरून ठेवावा, म्हणजे तार ओढली तरी धक्का माइकपर्यंत जात नाही.

निकाहचे चित्रीकरण करणाऱ्यांसाठी हे विशेष महत्त्वाचे. वलीमा, पाहुणे, जेवण यांचा आवाज नसला तरी चालते. पण ईजाब-कबूल पुन्हा होत नाही. वर्षांनंतर आजोबांचा आवाज, काझीसाहेबांचा खुत्बा, नवऱ्या मुलाचे 'कबूल है' ऐकावे म्हणून व्हिडिओ लावावा आणि मांडवातील गलक्याशिवाय काहीच ऐकू येऊ नये, असे किती घरांत झाले आहे! काझीसाहेब आणि नवरा मुलगा समोरासमोर बसतात, म्हणून नवऱ्या मुलाला लावलेला एकच माइक दोघांचा आवाज घेतो. फक्त सेहरा आणि फुलांचे हार यांपासून तो दूर ठेवावा, कारण हार माइकवर घासत राहतो. वकील व गवाह वधूकडे संमतीसाठी जातात तेथे माइक न्यायचा की नाही, हे घरच्या वडीलधाऱ्यांना आणि खुद्द मुलीला विचारूनच ठरवावे.

मजलिस किंवा जलशाच्या ठिकाणी लाउडस्पीकरच्या यंत्रातून थेट तार काढून कॅमेऱ्यात घालण्याचा मोह होतो. तसे करू नये. त्या तारेतील आवाज कॅमेऱ्याच्या माइक-छिद्राला फार जोराचा पडतो आणि सगळे फाटून जाते. आवाज उतरवणारी वेगळी तार मिळते, ती वापरावी. याउलट, स्टेजवरचा हातात धरायचा माइक कॅमेऱ्याला सरळ जोडला तर आवाज क्षीण येतो. मशिदीत किंवा हॉलमध्ये तो आधीच आहे म्हणून पैसे वाचतील, हा हिशोब येथे चुकतो.

कॅमेऱ्यावर बसवायचा लांबट माइक समोरचा आवाज जास्त व बाजूचा कमी घेतो. रोडचा व्हिडिओमायक्रो हा ४२ ग्रॅमचा छोटा माइक कॅमेऱ्याच्या विजेवर चालतो, सेल लागत नाही. बाजारात फिरून, चार लोकांशी बोलत चित्रीकरण करणाऱ्याला तो बरा. पण त्याची किंमत चिमट्याच्या माइकच्या कितीतरी पट, आणि बंद खोलीत दहा फुटांवरून त्याची जादू चालत नाही, कारण भिंतींवरून परतणारा आवाज समोरूनही येतोच. बिनतारी संचही आता स्वस्त झाले आहेत. त्यांतील बरेचसे वाय-फायच्याच २.४ गिगाहर्ट्झ लहरींवर चालतात, म्हणून गजबजलेल्या बाजारात मध्येच आवाज तुटतो. बोलणाऱ्याने पाठ फिरवली तरी तुटतो, कारण माणसाचे शरीर या लहरी अडवते. सहा मीटरची तार ज्याला पुरते, त्याने बिनतारीच्या मागे लागू नये असे आमचे मत आहे.

यंत्रमागाच्या शेडमध्ये मात्र कोणताही माइक चमत्कार करणार नाही. माग चालतानाचे चित्र घ्यावे, बोलणे माग थांबल्यावर किंवा जेवणाच्या सुट्टीत घ्यावे आणि दोन्ही जोडावेत. मालेगावच्या शेख नासिर यांनी २००० साली 'मालेगाव के शोले' व्हिडिओ कॅमेऱ्यावर काढला आणि २०२५ साली त्यांच्या धडपडीवर 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' हा मोठा चित्रपट आला. माग असलेल्या गावातही थोड्या साधनांत काम होते, हे आपल्या लोकांना नव्याने सांगायला नको.

ज्यांच्या कॅमेऱ्याला माइकचे छिद्रच नाही त्यांनीही कॅमेरा विकू नये. चिमट्याचा माइक मोबाइलला लावावा, मोबाइल बोलणाऱ्याच्या खिशात ठेवून त्यातच आवाज भरावा. मध्ये फोन येऊ नये म्हणून तो विमान-अवस्थेत टाकावा. दोन्ही यंत्रे सुरू झाली की कॅमेऱ्यासमोर एकदा जोरात टाळी वाजवावी. नंतर संगणकावर टाळीचे चित्र आणि टाळीचा आवाज एकावर एक बसवले की बाकीचे आपोआप जुळते. चित्रीकरण लांबले तर दोन यंत्रांच्या वेळेत थोडा फरक पडू लागतो, म्हणून दर पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा टाळी द्यावी. नव्या मोबाइलला गोल छिद्र नसेल तर टाइप-सी पिनेचा माइक मागावा.

उघड्यावर वारा असेल तर माइकवर केसाळ टोपी चढवावी, फोमची टोपी फक्त तोंडाच्या वाफेपुरती आणि फुंकरीपुरती असते. आणि काम संपल्यावर सेल काढून ठेवावा, कारण महिनोन्महिने आत राहिलेला सेल पाझरतो आणि हजाराचा माइक दहा रुपयांच्या सेलपायी निकामी होतो.