एका राजाचा जांवई, दुसऱ्या राजाचा सरदार

श्रोतेहो, फ्रान्स व इंग्लंड यांच्यामधील शतवार्षिक युद्धाची माहिती आपण शाळेंत वाचली असेल. मीहि तें युद्ध वर्गांत पुष्कळ वर्षें शिकविलें. क्रेसी १३४६, प्वात्ये १३५६, आझँकूर १४१५, असे लढायांचे सन विद्यार्थी तोंडपाठ करीत आणि परीक्षा आटोपली कीं विसरून जात. परंतु या युद्धानें एकेका कुटुंबाची काय दशा केली, हें त्या सनावळींत कोठेंच सांपडत नाहीं. म्हणून आज मी एका फ्रेंच सरदाराची व त्याच्या घरची हकीकत सांगणार आहे. त्याचें नांव आंगरां द कूसी. त्या घराण्यांतील या नांवाचा हा सातवा पुरुष.

उत्तर फ्रान्समधील पिकार्दी प्रांतांत, लाँ शहरापासून जवळच एका टेकडीवर कूसीचा किल्ला होता. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धांत तिसऱ्या आंगरांनें तो बांधला. त्याच्या मुख्य बुरुजाची उंची सुमारें ५४ मीटर व व्यास सुमारें ३१ मीटर होता. आपण राजे नाहीं, ड्यूक नाहीं, काउंटहि नाहीं, आपण केवळ कूसीचे धनी आहों, अशी त्या घराण्याची दर्पोक्ति असे. आणि तो बुरुज पाहणारास ती पोकळ वाटत नसे.

इ. स. १३४० च्या सुमारास आंगरांचा जन्म झाला. तो सहासात वर्षांचा असतांनाच, क्रेसीच्या लढाईच्या सालीं, त्याचा बाप मारला गेला. आई कॅथरिन ही ऑस्ट्रियाच्या हाप्सबुर्ग घराण्यांतील ड्यूक लिओपोल्ड याची कन्या. युरोपांत प्लेगनें थैमान घातलें असतां इ. स. १३४९ मध्यें तीहि वारली. अशा रीतीनें एवढ्या मोठ्या जहागिरीचा धनी बाळपणींच पोरका झाला.

पुढें प्वात्येच्या रणांगणावर फ्रान्सचा राजा जाँ हा स्वतःच शत्रूच्या हातीं लागला. त्याच्या मुक्ततेसाठीं इ. स. १३६० च्या तहांत तीस लक्ष सुवर्णमुद्रा खंडणी ठरली. ही रक्कम एकदम देणें अशक्य होतें. म्हणून ती फिटेपर्यंत सुमारें चाळीस कुलीन फ्रेंचांनीं ओलीस म्हणून इंग्लंडांत राहावें, असें ठरलें. त्यांत तरुण आंगरांची गणना झाली. ओलीस म्हणजे अंधारकोठडींतील कैदी नव्हे. दरबारांत वावरावें, शिकारीस जावें, मेजवान्यांत बसावें. मात्र दिलेला शब्द मोडून देश सोडूं नये. या शब्दाची किंमत केवढी होती, तें एका गोष्टीवरून कळेल. ओलीस ठेवलेला राजपुत्र शब्द मोडून पळाला, तेव्हां राजा जाँ आपण होऊन लंडनला परतला व तेथेंच इ. स. १३६४ मध्यें मरण पावला.

इंग्लंडच्या तिसऱ्या एडवर्डची ज्येष्ठ कन्या इझाबेला ही बापाची अत्यंत लाडकी होती. इ. स. १३५१ मध्यें तिचा विवाह गॅस्कनींतील एका सरदारपुत्राशीं ठरला. जहाजें सज्ज झालीं. आणि ऐन निघण्याच्या वेळीं ती मागें फिरली. त्यानंतर वयाच्या तेहेतिसाव्या वर्षापर्यंत ती अविवाहित राहिली. त्या काळांत राजकन्येनें इतकीं वर्षें अविवाहित राहावें, हें नवलच. अशा या मानी स्त्रीनें आपल्याहून सातआठ वर्षांनीं लहान असलेल्या परदेशी ओलिसास वरिलें. इ. स. १३६५ च्या जुलैंत विंडसर येथें लग्न झालें. सासऱ्यानें जांवयाची खंडणी माफ केली, त्यास बेडफर्डचा अर्ल केलें व गार्टर या आपल्या मानाच्या वीरमंडळांत घेतलें. मारी व फिलिपा अशा दोन मुली त्यांस झाल्या.

येथवर ही कथा सुखाची आहे. पण गांठ येथेंच पडली. त्या काळीं जमीन धरणें म्हणजे धन्याशीं शपथेनें बांधलें जाणें होतें. जमीन घेणारानें गुडघे टेकून आपले जोडलेले हात धन्याच्या हातांत द्यावे, मी तुमचा माणूस आहें असें म्हणावें, आणि धनी बोलावील तेव्हां शस्त्र घेऊन हजर व्हावें. उलट धन्यानें त्याचें रक्षण करावें. आंगरां कूसीच्या जमिनीसाठीं फ्रान्सच्या राजाचा माणूस होता, आणि बेडफर्डच्या जमिनीसाठीं इंग्लंडच्या राजाचा. दोन धन्यांत सलोखा असेतों यांत कांहीं अडचण नव्हती. परंतु इ. स. १३६९ मध्यें युद्ध पुन्हां पेटलें. आतां एका बाजूस जन्मभूमि व कुळाची शपथ, दुसऱ्या बाजूस पत्नीचा पिता व त्यानें केलेले उपकार. कोणाकडे गेलें तरी एक शपथ मोडणारच!

आंगरांनें काय करावें? तो कोणाकडेच गेला नाहीं. त्यानें फ्रान्स सोडलें आणि इटलींत जाऊन पोपच्या बाजूनें मिलानच्या व्हिस्कोंती घराण्याशीं युद्ध केलें. नंतर इ. स. १३७५ मध्यें आईच्या वांट्याचा मुलूख हाप्सबुर्ग आप्तांकडून मिळविण्याकरितां तो मोठें भाडोत्री सैन्य घेऊन निघाला. युद्ध थंडावलें असतां बेकार झालेल्या या शिपायांनीं फ्रान्स लुटून फस्त केला होता. ते परमुलखांत जाताहेत हें पाहून फ्रान्सच्या राजास समाधानच वाटलें. परंतु स्वित्झर्लंडच्या कडाक्याच्या थंडींत, बर्नच्या नागरिकांनीं व खेडुतांनीं रात्रीं छापे घालून या सैन्याची दाणादाण उडविली. आंगरां रित्या हातानें परतला.

इ. स. १३७७ च्या जूनमध्यें एडवर्ड मरण पावला. उपकारकर्ता गेला, आणि त्याबरोबर जांवयाच्या पायांतील बेडीहि गळाली. ऑगस्ट महिन्यांत आंगरांनें नव्या राजास, म्हणजे आपल्या पत्नीचा पुतण्या दुसरा रिचर्ड यास, पत्र धाडलें आणि इंग्लंडच्या राजाशीं असलेलें इमान व गार्टरचा मान, दोन्ही परत केले. सासरा जिवंत असेतों त्याच्याविरुद्ध शस्त्र उचललें नाहीं, आणि उचलण्यापूर्वीं उघडपणें कळविलें. त्या काळच्या नीतीप्रमाणें हें वर्तन निष्कलंक मानलें गेलें.

परंतु, श्रोतेहो, या निष्कलंकपणाची किंमत कोणी दिली? इझाबेला इंग्लंडांत राहिली आणि नवराबायकोचा संसार तेथेंच संपला. थोरली मारी बापाकडे फ्रान्समध्यें राहिली व धाकटी फिलिपा आईकडे. थोडक्याच वर्षांत इझाबेला वारली. फिलिपाचें लग्न राजा रिचर्डचा आवडता, ऑक्सफर्डचा अर्ल रॉबर्ट द व्हिअर, याच्याशीं झालें होतें. इ. स. १३८७ मध्यें त्यानें राणीच्या परिवारांतील एका बोहेमियन स्त्रीच्या मोहानें हिला टाकलें. त्या वेळीं रॉबर्टची आई पोटच्या मुलाविरुद्ध सुनेच्या बाजूनें उभी राहिली, ही गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. बाप मात्र शत्रुपक्षांत होता.

फ्रान्समध्यें आंगरांचा लौकिक वाढत गेला. इ. स. १३८० मध्यें सेनापतिपद देऊं केलें असतां तें त्यानें नाकारलें, असें फ्र्वासार हा समकालीन बखरकार सांगतो. इ. स. १३८६ मध्यें लॉरेनच्या ड्यूकची कन्या इझाबेल हिच्याशीं त्याचा दुसरा विवाह झाला व आणखी एक मुलगी झाली. औरस पुत्र मात्र त्यास झाला नाहीं.

इ. स. १३९६ मध्यें तुर्कांना हटविण्यासाठीं फ्रेंच सरदार डॅन्यूबच्या कांठीं निकोपोलिसला गेले. मारीचा नवरा आंरी द बार हाहि त्यांत होता. हंगेरीचा राजा सिगिसमंड म्हणाला कीं, तुर्कांची रीत जाणणाऱ्या हलक्या फौजेस पुढें जाऊं द्यावें. वयोवृद्ध आंगरांनें त्यास दुजोरा दिला. परंतु सेनापति काउंट द्यू यास त्यांत अपमान वाटला, आणि २५ सप्टेंबर रोजीं फ्रेंचांनीं एकट्यानेंच हल्ला चढविला. सुलतान बायझीदनें त्यांचा संपूर्ण पराभव केला. दुसऱ्या दिवशीं असंख्य कैद्यांची कत्तल झाली; खंडणीच्या आशेनें थोर सरदार तेवढे वांचविले. तरुणपणीं ओलीस असलेला आंगरां म्हातारपणीं पुन्हां कैदी झाला; मात्र या वेळीं सोडविणारी राजकन्या नव्हती. १८ फेब्रुवारी १३९७ रोजीं आशियामायनरमधील बुर्सा येथें तो वारला. जांवई आंरी सुटला खरा, पण त्याच वर्षीं परतीच्या वाटेवर इटलींत मरण पावला.

मागें राहिल्या त्या बायका. जहागिरीबद्दल मारी व तिची सावत्र आई यांच्यांत तंटा लागला. अखेर इ. स. १४०० मध्यें मारीनें कूसीची जहागीर राजाचा भाऊ लुई, ऑर्लिन्सचा ड्यूक, यास विकून टाकली. ज्या घराण्यास आपण राजे नसल्याचाच अभिमान होता, त्याचा किल्ला अशा प्रकारें राजघराण्यांत गेला.

तो थोरला बुरुज त्यानंतर पांच शतकें उभा होता. पहिल्या महायुद्धांत, इ. स. १९१७ च्या मार्चमध्यें, माघार घेणाऱ्या जर्मन सैन्यानें सुरुंग लावून तो उडविला. आज टेकडीवर दगडांचा ढीग व तटाचे अवशेष आहेत. आंगरांनें दोन्ही धन्यांना दिलेला शब्द पाळला; इतिहासानें त्याची नोंद घेतली, व तें योग्यच झालें. परंतु सागराच्या दोन तीरांवर वाढलेल्या त्या दोन सख्ख्या बहिणींची आठवणहि तो अध्याय वाचतांना आपण ठेवावी, एवढीच माझी विनंति आहे.