सोल्डरिंग यंत्राने केले, मग हातांना काय उरले?

जुन्या पिढीला दारावर येणारा कल्हईवाला आठवत असेल. भट्टीवर भांडे तापवायचे, नवसागराची पूड टाकायची, कथील लावायचे आणि कापसाच्या बोळ्याने ते आतून झटपट फिरवायचे. नवसागराने धातूवरचा थर निघाला नाही, तर कथील धरत नसे. आपला मोबाईल, टीव्ही आणि विजेचे मीटर यांच्या आतले सांधे याच तत्त्वावर जुळतात. तिथेही कथिलाचाच मिश्रधातू असतो आणि नवसागराऐवजी फ्लक्स नावाचा पदार्थ धातू स्वच्छ करतो. या कामाला सोल्डरिंग म्हणतात.

अनेक वर्षे हे काम हातांनीच चाले. एका हातात तापलेली सोल्डरिंग आयर्न, दुसऱ्या हातात सोल्डरची तार. नाजूक कामाला सवयीचे हात लागत, म्हणून कारखान्यांच्या या विभागात मुलींची संख्या मोठी असे. आज मोठ्या कारखान्यांतून हे दृश्य बरेचसे गेले आहे. आपल्या घरांतील कित्येक मुले-मुली इलेक्ट्रॉनिक्सकडे वळत आहेत. त्यामुळे यंत्राने नेमके काय घेतले आणि काय ठेवले, हे आई-वडिलांनी समजून घ्यायला हवे.

हात का मागे पडले?

पहिले कारण आकाराचे. मोबाईलमधील काही सुटे भाग ०.४ मिलिमीटर लांब आणि ०.२ मिलिमीटर रुंद असतात. म्हणजे साखरेच्या दाण्याहूनही लहान. असे शेकडो भाग एका बोर्डावर बसतात. काही चिपांचे सांधे तर त्यांच्या पोटाखाली असतात. तिथे आयर्नचे टोक पोहोचतच नाही.

म्हणून पद्धतच बदलली. सोल्डरची बारीक भुकटी फ्लक्समध्ये कालवून पेस्ट बनवतात. ही पेस्ट फ्रिजमध्ये ठेवावी लागते. वापरण्यापूर्वी डबा न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचा, नाहीतर हवेतील ओल पेस्टमध्ये उतरते. मग स्टीलच्या पातळ, छिद्रे पाडलेल्या पत्र्यावरून यंत्र पेस्ट ओढते आणि बोर्डावर हव्या त्याच जागी ठिपके उमटतात. रांगोळीचा छाप उठावा तसे. पुढचे यंत्र हवेच्या ओढीने एकेक भाग उचलून त्या ठिपक्यांवर ठेवते. वेगवान यंत्रे तासाला हजारो भाग बसवतात.

शेवटी बोर्ड लांबलचक भट्टीतून सरकतो. शिसे नसलेले नेहमीच्या वापरातील सोल्डर सुमारे २१७ अंश सेल्सिअसला वितळू लागते. भट्टी बोर्डाला हळूहळू तापवते, थोडा वेळ साधारण २४० ते २५० अंशांपर्यंत नेते आणि मग थंड करते. सर्व सांधे एकदमच पक्के होतात. पण उष्णता किंवा पेस्ट दोन्ही टोकांना सारखी पडली नाही, तर इवलासा भाग एका टोकावर उभा राहतो. कारागीर त्याला 'टूमस्टोन', म्हणजे थडग्याचा दगड म्हणतात.

नुसते उचलून ठेवण्याचे काम

बोर्ड एका यंत्रातून दुसऱ्यात नेणे सोपे वाटते, पण नुकसान तिथेच होते. अंगातील स्थिर वीज सुमारे ३००० व्होल्टपेक्षा कमी असेल, तर आपल्याला बहुधा झटका जाणवतही नाही. काही नाजूक चिपा मात्र १०० व्होल्टलाही निकामी होतात. बोर्ड किंचित वाकला, तरी सिरॅमिकच्या भागांना आतून तडा जाऊ शकतो. तो तडा वरून दिसत नाही आणि वस्तू ग्राहकाच्या घरी जाऊन बंद पडते. म्हणून आता खाचांच्या उभ्या पेट्यांतून यंत्र एकेक बोर्ड पुढे ढकलते, पट्टा त्याला कडांवर धरून नेतो आणि दुसऱ्या टोकाचे यंत्र तो पुन्हा पेटीत भरते.

काय उरले?

पूर्वीपेक्षा कमी माणसांत तेवढेच बोर्ड तयार होतात, हे खरे आहे. ते लपवून मुलांना दिलासा देण्यात अर्थ नाही. पण काम संपलेले नाही. मोठे कनेक्टर, जड कॉइल आणि वायरी अनेक ठिकाणी अजून हातानेच जोडतात. यंत्रात योग्य भागांची रिळे चढवणे, भट्टीचे तापमान ठरवणे, कॅमेऱ्याने दाखवलेला दोष खरा की खोटा हे ओळखणे आणि बिघडलेला बोर्ड दुरुस्त करणे, ही कामे माणसाचीच आहेत. त्यांना स्थिर हाताबरोबर वाचन, मोजमाप आणि नोंदी ठेवण्याची सवय लागते.

म्हणून मुलीला किंवा मुलाला कामाला पाठवताना पगाराबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा : तिथे शिकवणार काय? वर्षभर एकच स्क्रू पिळायला लावणारी नोकरी आणि यंत्र चालवायला शिकवणारी नोकरी यांत मोठा फरक आहे. आयटीआयचा दोन वर्षांचा इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक हा अभ्यासक्रम चांगली सुरुवात ठरू शकतो. सांधा चांगला की वाईट हे ठरवण्यासाठी 'आयपीसी-ए-६१०' हे मानक जगभर वापरतात. त्याची ओळख असलेल्या उमेदवाराला तपासणीच्या कामात फायदा होतो.

आरोग्याची बाजू

जुन्या सोल्डरमध्ये कथिलाबरोबर शिसे असे. युरोपीय संघाने १ जुलै २००६ पासून बहुतेक इलेक्ट्रॉनिक वस्तूंत शिशाच्या वापरावर कडक मर्यादा घातली. भट्टीवर झाकण आणि धूर ओढून नेणारी नळी असल्याने कारखान्यातील कामगारांची हवाही सुधारली. मोहल्ल्यातील मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात मात्र हे संरक्षण सहसा नसते. तिथे आजही शिशाचे सोल्डर सर्रास मिळते, आणि राळेच्या फ्लक्सचा धूर रोज श्वासात गेल्यास दमा जडू शकतो.

आपला भाऊ किंवा मुलगा हे काम करत असेल, तर टेबलाजवळ धूर बाहेर फेकणारा पंखा लावायला सांगा. शिसे मुख्यतः हातावरून तोंडात जाते. म्हणून खाण्यापूर्वी साबणाने हात धुवावेत आणि कामाच्या टेबलावर चहा ठेवू नये. घरी हे काम होत असेल, तर स्वयंपाकघर आणि लहान मुले त्यापासून दूर ठेवावीत. गरोदर स्त्रीने आणि मुलांनी शिशाच्या संपर्कात येऊच नये.