विचारायचे राहून जाऊ नये

बेडोकमध्ये राहणाऱ्याला मरण अपरिचित नाही. ब्लॉकच्या तळमजल्यावरील मोकळ्या जागेत, म्हणजे व्हॉइड डेकवर, कधी चिनी कुटुंबाचा शोकमंडप असतो आणि मंडळी रात्र-रात्र बसून असतात. काही दिवसांनी तिथेच मलाय लग्नाच्या पंगती उठतात. वर घरात मात्र हा विषय निघाला, की आपण 'शुभ बोल रे नाऱ्या' म्हणून तो बंद करतो. यात सर्वांत अधिक नुकसान होते ते आजारी माणसाचे.

माझ्या सासऱ्यांचा कर्करोग बरा होण्यापलीकडे गेला, तेव्हा "अण्णांना काही सांगू नका" असेच नातेवाइकांचे मत पडले. पुढे हॉस्पिसची परिचारिका घरी येऊ लागली. पहिल्याच भेटीत तिने अण्णांना सरळ विचारले, "आता तुमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे काय?" अण्णा म्हणाले, "माझे काय चालले आहे ते मला कळते. गावच्या जमिनीचे तोंडी ठरलेले वाटे, विहिरीच्या पाळ्या, बांधावरच्या आंब्याची वाटणी, यातले काही सातबाऱ्यावर नाही. ते लिहून व्हायला हवे. तेवढे डोके चालू ठेवा."

त्यावरून औषधांच्या वेळा ठरल्या. मॉर्फिनचे नाव काढताच घरात धास्ती पसरली होती. डॉक्टरांनी समजावले, की सुरुवातीची गुंगी बहुधा काही दिवसांत कमी होते, बद्धकोष्ठतेसाठी सोबत औषध द्यावे लागते, आणि वेदनेच्या मानाने दिलेल्या योग्य मात्रेने मरण जवळ येत नाही. दुपारी अण्णा सांगत आणि मी लिहून घेई. चुलतभावाचा हिस्सा चुकीचा लिहिला गेला, तर पान फाडायला लावत. तीन आठवड्यांत वही पुरी झाली. आजारपण चांगले असते असे मी म्हणणार नाही. पण ते दिवस नुसते मोजण्यात गेले नाहीत, अण्णांच्या कामी आले.

हॉस्पिस म्हणजे 'मरायला नेऊन ठेवायची जागा' हा आपल्याकडील मोठा गैरसमज आहे. सिसिली सॉन्डर्स यांनी 1967 मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले, ते वेदना आवरून माणसाला शेवटपर्यंत माणूस म्हणून जगता यावे यासाठी. मुंबईत वांद्र्याला 1986 मध्ये शांती अवेदना सदन उभे राहिले. सिंगापुरात एचसीए हॉस्पिस 1989 पासून काम करते आणि तिचे पथक रुग्णाच्या घरी येते.

आता कागदपत्रांविषयी. 1996 च्या कायद्यानुसार 21 वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीला 'अॅडव्हान्स मेडिकल डायरेक्टिव्ह' करता येते. आजार अंतिम अवस्थेत असेल आणि शुद्ध नसेल, तर केवळ यंत्रांच्या आधाराने आयुष्य लांबवू नये, एवढेच त्यात सांगता येते. दोन साक्षीदार लागतात. त्यांतील एक डॉक्टर हवा, आणि आपल्या मृत्यूने दोघांचाही आर्थिक लाभ होत नसावा. 'लास्टिंग पॉवर ऑफ अॅटर्नी' निराळी. निर्णयक्षमता गेल्यावर आपली काळजी आणि पैसे कोणी पाहावेत, हे तिने ठरते. परंतु जीवरक्षक उपचार थांबवण्याचा अधिकार त्या व्यक्तीला मिळत नाही. म्हणून 'अॅडव्हान्स केअर प्लॅनिंग' ही नोंदवून ठेवलेली बातचीत उपयोगी पडते. ती कायद्याने बंधनकारक नसली, तरी रुग्णाला काय हवे होते हे डॉक्टरांना तिच्यावरून कळते.

सीपीएफमधील रक्कम मृत्युपत्राने देता येत नाही. त्यासाठी वेगळे नॉमिनेशन लागते, आणि लग्न झाले की जुने नॉमिनेशन रद्द होते. व्हिजिट पासवर आलेल्या आईवडिलांना मेडिशील्ड लाइफ लागू नाही, तेव्हा खर्चाची चौकशी आधीच करावी. भारतात राहणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठी सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये असा इच्छालेख मान्य केला. 2023 पासून तो दोन साक्षीदारांसह नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर करता येतो.

पण या कागदांवर लिहायचे काय, ते आजारी माणसालाच ठाऊक असते. घरात वडीलधारी मंडळी असतील, तर प्रकृती बरी असतानाच तीन गोष्टी विचाराव्यात: आजाराविषयी किती सांगितलेले आवडेल? शेवटी कुठे राहायला आवडेल? आणि कोणते काम मागे आहे? तिसऱ्या प्रश्नाच्या वेळी वही-पेन हाताशी ठेवावे.